पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर आणि देवळाजवळची विहीर

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की मराठी मुलखात पहिले नाव आठवते ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे. काशीपासून रामेश्वरापर्यंत आणि सोमनाथपासून गयेपर्यंत पडकी देवळे उभी करणारी ही साध्वी राणी. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी तिचे चरित्र ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींपुढे ठेवणे उचितच होय. परंतु त्यांच्या देवळांविषयी जेवढे बोलले जाते तेवढे त्यांच्या विहिरी, बारवा, कुंडे व घाट यांविषयी बोलले जात नाही. देऊळ लांबून दिसते, कळस चमकतो. विहीर जमिनीखाली असते, म्हणून ती नजरेत भरत नाही, एवढेच. म्हणून या लेखात त्यांच्या पाण्याच्या कामाकडे अधिक लक्ष दिले आहे.

वसईकरांना होळकर घराणे परके नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्या मोहिमेत मल्हारराव होळकर आपल्या फौजेनिशी हजर होते. दोनशे वर्षांची फिरंगी सत्ता मे महिन्यात संपली. त्या वेळी मल्हाररावांच्या घरी १४ वर्षांची एक सून होती. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती होळकरांच्या घरात आली होती. तीच पुढे अहिल्यादेवी म्हणून प्रसिद्धीस आली.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, ते त्यांच्याच स्मरणार्थ. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सीना नदीच्या काठचा हा मुलूख अवर्षणाचा. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी कोठे सांडावे असा प्रश्न पडतो, तर तिकडे एक पाऊस चुकला की गुरे चारापाण्यासाठी परगण्याबाहेर न्यावी लागतात. अशा मुलखात वाढलेल्या मुलीला घागरभर पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. मल्हाररावांचा मुक्काम चौंडीस पडला असता देवळात त्यांनी ही मुलगी पाहिली आणि आपल्या खंडेरावासाठी मागणी घातली, अशी आख्यायिका आहे. १७३३ साली विवाह झाला.

मल्हाररावांनी सुनेला केवळ चूल आणि देवघर यांत ठेवले नाही. लिहिणे, वाचणे, हिशेब, वसूल, पत्रव्यवहार हे सर्व तिला शिकविले. स्वतः मोहिमेवर असताना तोफखान्याची बैलजोडी, दाणावैरण, दारूगोळा यांची तजवीज करण्याची पत्रे ते सुनेला धाडीत. त्या काळी एवढा विश्वास किती सासऱ्यांनी दाखविला असेल, हे वाचकांनीच मनाशी ताडावे.

सुख मात्र त्यांच्या वाट्याला फार आले नाही. १७५४ साली भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता वृद्ध सासऱ्याने त्यांना परावृत्त केले. १७६६ च्या मे महिन्यात मल्हाररावही गेले. पाठोपाठ १७६७ साली एकुलता मुलगा मालेराव वारला. घरात कर्ता पुरुष उरला नाही असे पाहून दौलत हाती घेण्यासाठी राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. बाईंनी लढाईची तयारी ठेवली, शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांनी त्यांचाच पक्ष घेतला आणि दादांना परत फिरावे लागले. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे देऊन मुलकी कारभार बाईंनी स्वतः पाहिला. नर्मदेकाठी महेश्वर येथे राहून सुमारे २८ वर्षे त्यांनी राज्य केले. ही सर्व हकिकत शाळेच्या पुस्तकांतून व कीर्तनांतून सर्वांना ठाऊक आहे, म्हणून येथे आटोपती घेतली.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. एवढी देवळे, घाट आणि विहिरी बांधण्यास पैसा कोठून आला? सरकारी खजिना देवाधर्मावर उधळला असे कोणी म्हणेल तर ते चूक आहे. होळकरांच्या दौलतीत दोन खाती वेगळी होती. एक दौलतीचे, म्हणजे फौज व मुलकी कारभार यांचे. दुसरे खासगीचे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई यांच्या नावे माळव्यात व दक्षिणेत स्वतंत्र गावे लावून दिली. ती खासगी जहागीर. १७६१ साली गौतमाबाई वारल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. दानधर्म व बांधकामे झाली ती या खासगीतून. तुळशीपत्र ठेवून ते द्रव्य त्यांनी धर्मकार्यास वाहिले, असे परंपरेने सांगतात. दोन खाती निराळी ठेवणे आणि एकाचा पैसा दुसऱ्यात न मिसळणे हे दिसायला सोपे आहे. ज्यांनी कोणत्याही गावच्या उत्सव समितीचा जमाखर्च पाहिला आहे त्यांना ते किती अवघड असते हे सांगावयास नको.

या खासगीतून झालेल्या कामांची यादी मोठी आहे. काशी विश्वेश्वराचे देऊळ १७८० च्या सुमारास, सोमनाथ येथे जुन्या भग्न देवळाजवळ नवे देऊळ १७८३ साली, गयेस विष्णुपद मंदिर १७८७ साली. वेरूळचे घृष्णेश्वर होळकरांच्या कृपेने पुन्हा उभे राहिले. यांतील बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेरची. कोठे नबाब, कोठे इंग्रज कंपनी, कोठे आणखी कोणी. परमुलखात काम करावयाचे म्हणजे तेथल्या धन्याची परवानगी, कारागिरांची पगारवाटप आणि वाटेतल्या दरोडेखोरांचा बंदोबस्त. महेश्वरी बसून हे सर्व पत्रांवर चालविले गेले.

देवळाबरोबर पाणी हा त्यांच्या कामाचा नेमच दिसतो. वेरूळला घृष्णेश्वराजवळ शिवालय तीर्थ आहे. चारी बाजूंनी उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर छोटी छोटी देवळे आणि तळाशी पाणी. जेजुरीला खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. तेथे डोंगराच्या पायथ्याशी होळकर तलाव आहे. चांदवडच्या रंगमहालात बारव आहे. जालना जिल्ह्यातील अंबड हे गाव होळकरांकडे होते. तेथेही त्यांच्या नावाशी जोडलेली पुष्करणी बारव लोक दाखवितात. हिमालयात केदारनाथाच्या वाटेवर धर्मशाळा व पाण्याचे कुंड त्यांनी बांधल्याचे इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम याने लिहून ठेवले आहे. माल्कमचे पुस्तक १८२३ सालचे. बाईंना जाऊन तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती आणि त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. शत्रुपक्षाच्या माणसाने एवढे गुणगान करावे, यातच सर्व आले.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर हे बहुतेकांस ठाऊक आहे. पण ती तशी का बांधतात याचा विचार सहसा होत नाही. साध्या आडाला दोर लागतो, पोहरा लागतो आणि ओढणाऱ्याच्या अंगात जोर लागतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की दोर अपुरा पडतो. बारवेत पाणी जसे खाली जाईल तसे माणूस पायऱ्या उतरून त्याच्यापर्यंत पोचतो. म्हातारी बाई असो, वाटसरू असो, हातात साधा तांब्या असला तरी त्याला पाणी मिळते. दुसरे असे की घडीव दगडाची बांधणी मातीला धरून ठेवते, काठ ढासळत नाहीत आणि झऱ्याचे पाणी सांध्यांतून आत येत राहते. पावसाळ्यात कुंड भरले म्हणजे त्याचे पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या आडांनाही त्याचा उपयोग होतो. देवळापुढे तळे खणण्याची जुनी चाल केवळ स्नानासाठी नव्हती.

विहीर मरते कशी हेही पाहण्यासारखे आहे. एकाएकी ती कधीच मरत नाही. प्रथम काठावरचा एखादा चिरा निखळतो. त्या फटीत पिंपळ किंवा उंबर रुजतो आणि त्याची मुळे भिंत फोडतात. पावसाच्या लोंढ्याबरोबर माती आत येते. दर उन्हाळ्यात गाळ काढला नाही तर तळाचे झरे बुजतात. पाणी कमी झाले म्हणून लोक दुसरीकडे जातात आणि लोक गेले म्हणून विहिरीकडे कोणी पाहत नाही. मग त्यात निर्माल्य, फुटकी मडकी आणि पुढे पुढे सर्वच कचरा. अशी विहीर पुन्हा चालू करणे हे नवी खणण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते, कारण पाणी कोठे आहे ते पूर्वजांनी शोधून ठेवलेलेच असते. झाड मुळासकट काढावे, गाळ उपसावा, झरे मोकळे करावे, निखळलेले चिरे पुन्हा बसवावे, कठडा उंच करावा म्हणजे बाहेरचे पाणी आत जात नाही. काम कष्टाचे आहे, पण त्यात गूढ काही नाही.

गूढ आहे ते पुढे. गाळ पुन्हा साठतोच, तो पुढच्या वर्षी कोणी काढावयाचा? अहिल्याबाईंची खरी दूरदृष्टी येथे दिसते. बांधकाम झाले, उद्‌घाटन झाले, नाव कोरले आणि विषय संपला, असे त्यांनी केले नाही. ठिकठिकाणच्या पूजा, नंदादीप, अन्नछत्र, सदावर्त यांसाठी नेमणुका बांधून दिल्या. त्यांनी उभारलेल्या स्थळांना दरसाल रक्कम जात असे, असे माल्कमने नमूद केले आहे. दक्षिणेतल्या देवळांना ठराविक वेळी गंगाजल पोचविण्याची व्यवस्था होती. कावड घेऊन जाणारा माणूस, त्याचा पगार, त्याचा मार्ग, सर्व ठरलेले. पुण्यकर्माला वार्षिक तरतूद लागते, हे त्या काळी त्यांना कळले होते.

पाण्याच्या बाबतीत त्यांची कळकळ माणसापुरती नव्हती. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी देण्यासाठी त्यांनी माणसे नेमली होती. महेश्वरच्या आसपास भर उन्हात नांगर चालू असता त्यांचा नोकर पाणी घेऊन शेतात जाई, औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून त्यांनी काही उभी शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी ठेवली. हेही माल्कमने लिहिले आहे. काहींना हे अतिरेकाचे वाटेल. परंतु ज्या राज्यात औताच्या बैलाची तहान कोणाच्या तरी कामाच्या यादीवर होती, तेथे माणसे तहानलेली राहत नसणार, हा त्यातला व्यवहार आहे.

देणगीदारांनी विशेष लक्षात घ्यावी अशी एक हकिकत खरगोण गावची आहे. तेथले दोन सावकार भाऊ निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवांनी आपली सारी संपत्ती अहिल्याबाईंना देऊ केली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे राज्यकर्त्याने ती घेतली असती तर कोणी नाव ठेवले नसते. बाईंनी ती घेतली नाही. आपल्याच गावात लोकांच्या उपयोगी पडेल असे काही करा, असा सल्ला त्यांनी दिला. त्या बायांनी गावच्या नदीला घाट बांधला आणि गणपतीचे देऊळ उभारले. राणीच्या तिजोरीत गेला असता तो पैसा गावच्या पाण्याच्या काठी लागला. एवढी मोठी रक्कम आपणहून चालत आली असता परत करणारा राज्यकर्ता विरळाच.

सर्वांनीच त्यांची वाहवा केली असे नाही. एवढा पैसा देवळे, घाट यांवर घालविण्यापेक्षा फौजेवर घातला असता तर बरे झाले असते, अशी शंका त्या वेळीही काढली जात होती. माल्कमने ही शंका होळकरांच्या पदरच्या जाणत्यांपुढे ठेवली. त्यांचे म्हणणे असे पडले की त्याच्या दुप्पट पैसा फौजेवर खर्चूनही राज्य जेवढे सुरक्षित राहिले नसते, तेवढे या कामांमुळे राहिले. हे म्हणणे सर्वस्वी मान्य करणे कठीण आहे, कारण त्यांच्या पश्चात होळकरशाहीत जे झाले ते इतिहासात आहे. परंतु त्यांच्या हयातीत माळव्यात स्वस्थता होती, ही गोष्ट खरी. डोंगरातल्या भिल्लांनाही त्यांनी केवळ दंडाने वठणीवर आणले नाही. वाटेवरच्या मालावर थोडी भिलकवडी घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि त्या बदल्यात रस्त्याची राखण त्यांच्याकडे सोपविली.

आपल्या वसईकडे पाहता या सर्व गोष्टी दूरच्या वाटत नाहीत. निर्मळचे तळे, सोपाऱ्याचे चक्रेश्वराचे तळे ही देवळाजवळच्या पाण्याचीच उदाहरणे. पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून एके काळी विहिरीवर रहाट फिरत असत. बैल किंवा रेडा गोल फिरे, गाडगी पाणी वर आणीत आणि केळी, पानवेली, फुलझाडे त्यावर पिकत. रहाटाने उपसा होई तो हळूहळू, तेवढ्या वेळात झरा विहीर पुन्हा भरी. पुढे इंजिने व विजेचे पंप आले. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ते भराभर उपसले म्हणजे खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा खारी झालेली विहीर गोडी व्हावयास अनेक पावसाळे लागतात. टँकर भरून पाणी बाहेर विकण्याचा धंदा वाढला तेव्हा वसईकरांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले, हे जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. आता शहराला उसगाव, पेल्हार व सूर्या या धरणांचे पाणी नळाने येते. नळ आले आणि विहिरी विसरल्या गेल्या. सातबाऱ्यावर जलसिंचनाच्या साधनाच्या रकान्यात विहीर लिहिलेली असते, जागेवर जाऊन पाहावे तर झाकणाखाली डासांची पैदास. कागदावरची विहीर कोणाची तहान भागवीत नाही. दोन दिवस नळ बंद पडला म्हणजे मात्र सर्वांना तीच आठवते.

त्यातल्या त्यात देवळाच्या आवारातील विहिरी बऱ्या अवस्थेत राहिल्या, कारण रोजच्या अभिषेकाला पाणी लागते आणि गुरवाचे लक्ष असते. रोज उपसली जाणारी विहीर सहसा मरत नाही. देवळाचा जीर्णोद्धार करताना सभामंडपाला फरशी, भिंतींना रंग, कळसाला झळाळी या गोष्टी होतात. त्यासाठी देणगीदार पुढे येतात, कारण फरशीवर नाव घालता येते. गाळ काढण्याच्या खर्चावर नाव कोठे घालणार? आवारात सगळीकडे फरशी बसविली की पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याचीही वाट बंद होते, हे पुष्कळ ठिकाणी नंतर ध्यानात येते. छपराचे पन्हळ विहिरीकडे वळविण्यास फारसा खर्च येत नाही, गाळणीसाठी वाळू व खडीचा एक खड्डा पुरतो. मंडप बांधून होण्याआधी हे केले तर सोपे पडते.

अहिल्याबाईंच्या अखेरच्या दिवसांत दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. मुलगी मुक्ताबाई हाच एक आधार उरला होता. नातू तरुणपणी गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती गेली. आईने पुष्कळ समजावले, पण ती ऐकेना. सासऱ्याच्या शब्दाखातर स्वतः मागे राहिलेल्या बाईला मुलीची चिता पाहावी लागली. त्यानंतरही कारभार थांबला नाही. सकाळची पूजा, दुपारची कचेरी, दिवेलागणीनंतर पुन्हा कागदपत्रे, हा क्रम वृद्धापकाळापर्यंत चालू राहिला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या ७० व्या वर्षी महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यामागे राज्यात पुष्कळ उलथापालथ झाली. पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. खासगीच्या धर्मादाय मिळकतींसाठी १९६२ साली विश्वस्त संस्था स्थापन झाली. त्यांच्या जन्मास २०२५ साली ३०० वर्षे पूर्ण झाली. महेश्वरच्या घाटावर आजही लोक नर्मदेत उतरतात ते त्यांच्याच काळच्या पायऱ्यांवरून. त्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य चतुर्दशीस असते. त्या सुमारास आपल्याकडील विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात.